गोल किल्लीचें कुलूप



कुलूप म्हटलें कीं कोयंड्यांत अडकविलेलें, खालीं लोंबणारें, चपट्या किल्लीचें कुलूप आपल्या डोळ्यांपुढें येतें. कोणी जुन्या वाड्यांत वाढलेला असेल तर त्यास वीतभर लांबीची, आजीच्या कमरेस लावलेली लोखंडी किल्ली आठवेल. परंतु मला ज्या कुलपानें गेल्या वर्षीं जवळजवळ महिनाभर स्वस्थ झोंप येऊं दिली नाहीं, तें या दोन्ही जातींपैकीं नव्हतें. एका लहानशा पोलादी पेटीच्या दर्शनी बाजूस बसविलेली नाण्याएवढी एक चकती. चकतींत एक वर्तुळाकार खोल खांच. आणि त्या खांचेच्या मध्यभागीं बोथट पेन्सिलीसारखा एक आखूड खुंट. किल्ली घालावयाची फट म्हणून कोठें नाहींच. त्या पेटीची किल्ली गेली होती आणि पेटी फोडावयाची नव्हती. एवढ्या सामुग्रीवर माझें आजचें भाषण उभें आहे.

मी जुनी अकरावी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. यंत्रशास्त्राचा मला अधिकार नाहीं. तेव्हां प्रथम प्रसंग सांगतों आणि मग कुलपाकडे वळतों.

आमच्या गांवीं, सातारा जिल्ह्यांत, एक छोटें सार्वजनिक वाचनालय आहे. ग्रामपंचायतीच्या एका खोलींत दोन कपाटें आणि एक लांब बांक, एवढाच त्याचा संसार. त्यास स्वतःची इमारत असावी म्हणून निधि जमविण्याचें ठरलें. मी चिटणीस झालों. आणि माझे एक जुने सहकारी, ज्यांच्याबरोबर मीं वीस वर्षें एकाच शाळेंत खडू झिजविला, ते खजिनदार झाले. चैत्रांतल्या जत्रेच्या दिवशीं मांडवाच्या दारांत बसून आम्हीं पावत्या फाडल्या. पावतीपुस्तकें माझ्याकडे, रोकड व जमाखर्चाची वही त्यांच्याकडे. पुढें लागोपाठ तीन दिवस बँकेस सुटी होती. चौथ्या दिवशीं पैसे भरावयाचे, आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे हृदयक्रिया बंद पडून खजिनदार गेले.

पैशाची गोष्ट दहाव्या दिवसापर्यंत कोणीं काढली नाहीं. अकराव्या दिवशीं काढली. रोकड पेटींत आहे असें वहिनी सांगत होत्या, आणि पेटी घरांत होतीच. पुण्याच्या जुन्या बाजारांतून खजिनदारांनीं ती कधीं काळीं हौसेनें आणलेली. पण किल्ली नव्हती. ती ते जानव्यास बांधून ठेवीत. ही त्यांची संवय आम्हां सर्वांस ठाऊक होती. त्या पहांटेच्या आकांतांत जानव्याकडे पाहण्याचें भान कोणास राहणार? किल्ली त्यांच्याबरोबरच गेली. दुसरी किल्ली असावयास पाहिजे होती, परंतु ती कोठें आहे हें त्यांनीं कोणास सांगितलेलें नव्हतें.

पावतीपुस्तकांप्रमाणें बेरीज ६१,४५० रुपये होत होती. पेटी हालविली तर आंत कांहीं तरी सरकल्याचा आवाज येई. पण नोटांचा आवाज आणि रद्दीचा आवाज यांत फरक सांगणारा कान अजून जन्मावयाचा आहे. पारावर कुजबुज सुरू झाली. खजिनदारांनीं गेल्या पावसाळ्यापूर्वीं घराचें छप्पर बदललें होतें; तें कशांतून बदललें, असा प्रश्न एकानें विचारला आणि चौघांनीं तो ऐकून घेतला. येथें मी एक कबुली देतों. मला तो प्रश्न कोणीं विचारला नव्हता, तरी एका रात्रीं तो माझ्या मनांत आपण होऊन आला. त्या रात्रीची मला आजहि लाज वाटते.

तरुण मंडळींनीं सोपा उपाय सुचविला. लोखंड कापण्याचें विजेचें यंत्र आणूं, दोन मिनिटांत काम. यांत पहिली अडचण अशी कीं, चाकाच्या ठिणग्या आंतल्या कागदांवर पडल्या तर पंचाईत. दुसरी याहून मोठी. पेटी एकदां फोडली कीं रक्कम पुरी भरो वा अपुरी, बोलणारास तोंड सांपडणार. वहिनींनीं मला बोलावून घेतलें आणि म्हणाल्या, "भाऊजी, पेटी फोडूं नका. त्यांनीं जशी मिटली तशी ती उघडली पाहिजे. मग आंत काय निघेल तें निघो."

कुलूप उघडण्याआधीं तें ओळखावें लागतें, आणि माझ्या विद्यार्थिदशेपासूनच्या साऱ्या अनुभवांत असलें कुलूप मीं जवळून पाहिलें नव्हतें. विजेरीच्या उजेडांत भिंग धरून पाहिलें, तेव्हां खांचेच्या तळाशीं वर्तुळांत मांडलेले बारीक गोल ठिपके दिसले. टांचणीच्या डोक्यानें एक ठिपका दाबला; तो आंत गेला, आणि सोडतांच परत वर आला. म्हणजे ते ठिपके नसून स्प्रिंगवर बसविलेल्या खिळ्यांचीं डोकीं होतीं. चकतीच्या कांठास एका जागीं लहानशी चौकोनी खोबण होती. एवढ्यावरून किल्लीचें रूप मनांत उभें राहिलें. किल्ली ही एक आखूड पोकळ नळी असली पाहिजे. ती मधल्या खुंटावर टोपीसारखी बसावी. तिच्या अंगावरचा एक दाणा त्या खोबणींत शिरावा. आणि तिच्या तोंडाच्या कडेवर, खिळा जेथें टेकेल तेथें, कमीअधिक खोलीच्या खांचा असाव्यात. चकतीवर एक क्रमांकहि कोरलेला होता. असा क्रमांक धड असला तर पुष्कळदां त्यावरून किल्ली करवून घेतां येते. पण येथें त्यांतले दोनच आंकडे लागत होते.

माझ्या नातवानें भ्रमणध्वनीवर चकतीचें मोठें छायाचित्र काढून दिलें. मीं त्यावरून आकृति काढली, खिळे मोजले, ते सात भरले, आणि आकृतीखालीं 'सात' असें ठळक लिहून ठेवलें. या आंकड्याची गोष्ट पुढें येईल.

मग वाचन सुरू झालें. मला वाटलें होतें, ही कांहीं तरी हल्लींची विलायती टूम असेल. ती समजूत चुकीची होती. नळीच्या तोंडावर खांचा पाडलेली किल्ली प्रथम प्रसिद्धीस आणली ती इंग्लंडांतील जोसेफ ब्रामा यानें. आणि त्यानें तिचें पेटंट घेतलें तें १७८४ सालीं, म्हणजे आपल्याकडे महादजी शिंदे उत्तरेंत राजकारण करीत होते तेव्हां. श्रोत्यांपैकीं जे शाळेंत पदार्थविज्ञान शिकले असतील त्यांनीं हें नांव ऐकलेलें आहे. पाण्याच्या दाबानें कापसाच्या गांठी आवळणारें जें ब्रामाचें दाबयंत्र आम्ही फळ्यावर काढीत असूं, त्याचाच कर्ता हा. दाबयंत्र १७९५ चें. कुलूप त्याआधीं अकरा वर्षांचें. वर्षानुवर्षें मीं तें यंत्र मुलांस शिकविलें, पण तो गृहस्थ कुलपेंहि करीत असे याची मला गंधवार्ता नव्हती. यॉर्कशायरांतल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. पायास अपघात झाल्यामुळें शेतकाम सुटलें म्हणून सुतारकाम शिकला, आणि तेथून यंत्रांकडे वळला.

ब्रामाच्या कुलपांत खिळ्यांच्या जागीं लांब पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीस एक खांच. किल्ली दाबली कीं पट्ट्या निरनिराळ्या अंतरानें आंत सरकतात, आणि साऱ्यांच्या खांचा एका स्थिर चकतीशीं जुळल्या तरच मधला गाभा फिरतो. हें काम इतकें बारीक होतें कीं हातानें तें साधेना. म्हणून हेन्री मॉडस्ले नांवाचा एक तरुण कारागीर ब्रामानें हाताशीं घेतला व कुलपाचे भाग करण्यासाठीं यंत्रें बनविलीं. पुढें हाच मॉडस्ले इंग्लंडांतील यंत्रविद्येचा एक आधारस्तंभ झाला.

ब्रामास आपल्या कृतीचा केवढा भरंवसा होता पाहा. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील दुकानाच्या खिडकींत त्यानें आपलें एक कुलूप टांगलें, आणि किल्लीवांचून तें उघडणारास २०० गिनी बक्षीस लावलें. त्या कुलपांत १८ पट्ट्या होत्या. १७९० पासून तें कुलूप तेथें होतें. ब्रामा १८१४ सालीं वारला, त्याचा कारखाना पुढच्या पिढीकडे गेला, तरी कुलूप मिटलेलेंच. शेवटीं १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनास अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नांवाचा एक कुलूपवाला आला. त्यानें प्रथम चब यांचें प्रसिद्ध कुलूप पंचांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडून दाखविलें, आणि मग ब्रामाच्या कुलपास हात घातला. सोळा दिवसांत मिळून सुमारें ५१ तास तो त्याच्यापुढें बसला, आणि कुलूप उघडलें. ब्रामाच्या वारसांनीं पुष्कळ तक्रार केली. एवढा अवधि व एवढीं साधनें चोरास कोठून मिळणार, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच गैर नव्हतें. तथापि पंचांनीं निकाल दिला व २०० गिनी त्यांनीं मोजल्या. तें कुलूप आज लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आहे.

त्या वेळीं इंग्लंडांत मोठा गवगवा झाला. असलीं गुपितें चारचौघांत सांगावीं काय, असा वाद माजला. १८५३ सालीं चार्ल्स टॉम्लिन्सन यानें कुलपांवर जो छोटा ग्रंथ संपादून काढला, त्यांत या वादास सरळ उत्तर दिलें आहे कीं, चोर आपल्या धंद्यांत आधींच हुशार असतात. अंधारांत असतो तो कुलूप विकत घेणारा. मला हें पटतें. आपल्याकडे तर शूद्रकानें 'मृच्छकटिकां'त शर्विलकाच्या तोंडीं चौर्यशास्त्राचें सारें व्याख्यान घातलें आहे. मापाची दोरी विसरला म्हणून तो जानव्यानें भिंत मोजतो, आणि यंत्रानें घट्ट मिटलेलें दारहि याच जानव्यानें उघडतां येतें असें सांगतो. तें नाटक पाहून कोणी घरफोड्या झाल्याचें ऐकिवांत नाहीं. आमच्या प्रकरणांत जानव्यानें नेमकें उलट काम केलें होतें, हें मनांत येऊन मला त्या दुःखांतहि थोडें हंसूं आलें.

असो. आमच्या पेटीचें कुलूप ब्रामाचें नव्हतें. किल्ली सारखी दिसते खरी, पण आंतला संसार वेगळा. अमेरिकेंतील लायनस येल, पिता आणि पुत्र, यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खिळ्यांचें कुलूप नव्यानें प्रचारांत आणलें. आपल्या दाराच्या चपट्या दांतेरी किल्लीचें कुलूप तें हेंच. या येलच्या खिळ्यांस सरळ रांगेंत न ठेवतां वर्तुळांत बसविलें आणि ब्रामाच्या नळीसारखी किल्ली दिली, कीं आमचें कुलूप झालें. शिकागो येथील एका कुलूप-कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत 'एस' या नांवानें हा प्रकार पुष्कळ खपविला. नाणें टाकून वस्तु घेण्याचीं यंत्रें, सायकली, उद्वाहनें, धोक्याची घंटा, संगणकास बांधावयाची साखळी, अशा ठिकाणीं तें अजूनहि भेटतें. आपण पाहिलेंहि असेल. फक्त लक्ष गेलें नसेल.

आंतली रचना समजून घ्यावयाची तर दोन पोळपाट घ्या. एकावर एक ठेवा, आणि दोहोंतून आरपार जातील अशीं कडेनें आठ भोकें पाडा. प्रत्येक भोकांत खडूचे दोन तुकडे एकापुढें एक घाला, आणि सर्वांत खालीं एक स्प्रिंग. खालचा पोळपाट पक्का बसविलेला आहे, वरचा फिरविण्याचा आहे. खालचा खडू स्प्रिंगनें वर ढकलला जाऊन दोन्ही पोळपाटांच्या मधल्या सांध्यांत आडवा येतो. म्हणून वरचा पोळपाट फिरत नाहीं. आतां वरच्या खडूस बोटानें दाबा. दोन खडू जेथें एकमेकांस टेकतात ती जागा बरोबर सांध्यावर आली कीं तेवढ्यापुरती अडचण गेली. जास्त दाबाल तर वरचाच खडू सांध्यांत आडवा येईल. आठहि जागीं एकाच वेळीं असें नेमकें झालें पाहिजे. तें नेमकेपण किल्लीच्या तोंडावरच्या खांचांत सांठविलेलें असतें. किल्ली म्हणजे दुसरें कांहीं नाहीं, आठ खोल्यांची एक टिपण आहे.

शिक्षकास येथें गणित करण्याचा मोह आवरत नाहीं. समजा, प्रत्येक खांच सात खोल्यांपैकीं कोणत्या तरी एका खोलीची असूं शकते. खिळे आठ. तर साताचा आठवा घात, म्हणजे ५७,६४,८०१ निरनिराळ्या किल्ल्या. मिनिटास एक याप्रमाणें अहोरात्र लावून पाहिल्या तर जवळजवळ अकरा वर्षें लागतील. मग कुलूप उघडणारा तें घटकेभरांत कसें उघडतो? याचें उत्तर मला फार आवडलें. जगांतल्या कोणत्याहि कारागिरास वा यंत्रास आठ भोकें तंतोतंत एका मापानें पाडतां येत नाहींत. केसाच्या एका हिश्शाचा कां होईना, फरक राहतो. म्हणून फिरत्या भागास अगदीं हलका पीळ दिला, तर आठ खिळे एकदम अडत नाहींत. आधीं एकच अडतो. त्यास दाबीत गेलें कीं सांध्यावर येतांच गाभा किंचित् सरकतो आणि तो खिळा तेथेंच राहतो. मग दुसरा अडतो. म्हणजे साताचा आठवा घात करण्याचें कारणच उरत नाहीं. सात आणि आठ यांचा गुणाकार, छप्पन्न, एवढ्यांत काम भागतें. सत्तावन्न लक्ष आणि छप्पन्न! घातांक शिकवितांना हें उदाहरण मला ठाऊक असतें, तर मुलें जांभया देतीं ना.

यावरहि एक खोड या कुलपांत आहे. खिळे वर्तुळांत असल्यामुळें गाभा एक-अष्टमांश फेरा फिरला कीं प्रत्येक खिळा आपल्या शेजाऱ्याच्या स्प्रिंगसमोर येतो, आणि कुलूप पुन्हां मिटतें. सारें काम पहिल्यापासून. पाव फेऱ्याच्या कुलपास दोनदां, पुऱ्या फेऱ्याच्या कुलपास आठ वेळां. म्हणून या धंद्यांतले लोक एक विशेष हत्यार वापरतात. त्यास खिळ्यांइतक्याच सरकत्या सळया असतात. प्रत्येक सळई आपापल्या खिळ्याबरोबर नेमकी सरकते व रबराच्या कड्यानें आंवळलेली असल्यामुळें तेथेंच राहते. कुलूप जुळलें कीं हत्यारच किल्ली होतें, आणि मग फेरा पुरा करतां येतो.

हत्यारहि न लागतां हें कुलूप एकदां फार फजीत पावलें आहे. २००४ सालीं अमेरिकेंतील क्रिप्टोनाइट कंपनीचें सायकलीचें कुलूप एका साध्या बॉलपेनच्या नळीनें उघडतें असें चित्रफितीवर प्रसिद्ध झालें. नळीचा व्यास योगायोगानें किल्लीएवढा. आणि तिचें प्लॅस्टिक इतकें मऊ कीं, दाबून हालविलें असतां खिळेच त्यावर आपले ठसे उमटवीत. ज्या नळीनें लोक चोरीची फिर्याद लिहीत, तीच चोरीस उपयोगी पडली म्हणावयाची. कंपनीनें तीं कुलपें बदलून दिलीं आणि त्या जातीची किल्ली सोडून दिली. मौज अशी कीं हीच गोष्ट इंग्लंडमधील एका सायकलींच्या मासिकांत १९९२ सालींच छापून आली होती. बारा वर्षें तिकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं! हें ऐकून आमच्या तरुणांनीं पेनाच्या नळ्या आणल्या, पण खजिनदारांच्या पेटीस एकहि बसेना. तें कुलूप वेगळ्या व्यासाचें होतें.

साताऱ्यास एस. टी. स्थानकाजवळ एका जिन्याखालीं किल्ल्या करणारे एक वृद्ध मिस्त्री बसतात. तिघांनीं नकार दिल्यावर मी त्यांच्याकडे पोंचलों. त्यांनीं माझी आकृति पाहिलीच नाहीं. "गुरुजी, पेटी कोणाची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मीं सर्व सांगितलें. "मग त्या माईंनीं स्वतः सांगावें. आणि उघडतांना दोन जाणती माणसें पाहिजेत. मी त्यांच्या सह्या घेतों." त्यांनीं एक जीर्ण वही काढून दाखविली, तींत अशा सह्या पानोपान होत्या. नंतर आकृति हातीं घेतली. "सात? मजजवळ आहे."

ठरल्या दिवशीं ते आले. ओसरीवर सतरंजी अंथरली. सरपंच, पोस्टमास्तर आणि पारावरचे दोघे तिघे येऊन बसले. मिस्त्रींनीं हत्यार खांचेवर टेकलें आणि लगेच उचललें. पुन्हां टेकलें. मग माझ्याकडे न पाहतां म्हणाले, "गुरुजी, हें सातांचें नव्हे." त्यांच्या सळया खिळ्यांवर न बसतां मधल्या पितळेवर बसत होत्या. बैठक उठली. जातांना कोणी तरी 'बघा' एवढेंच म्हणाला, आणि वहिनी आंत निघून गेल्या.

घरीं येऊन मीं छायाचित्र पुन्हां काढलें आणि त्यावर कोनमापक ठेवला. हें मी आधींच करावयास हवें होतें. मुलांस जन्मभर सांगत आलों कीं मोजल्याशिवाय लिहूं नका. सात खिळे सारख्या अंतरावर असते तर दोन खिळ्यांमधला कोन सुमारें साडेएकावन्न अंश आला असता. माझ्या छायाचित्रांत तो प्रत्येक ठिकाणीं पंचेचाळीस येत होता, आणि एका ठिकाणीं मात्र नव्वद. पंचेचाळीस अंश म्हणजे वर्तुळाचा आठवा भाग. नव्वदाच्या त्या रिकाम्या जागीं एक खिळा असलाच पाहिजे. तो दिसत नव्हता एवढेंच. मीं भिंगानें पाहिलें. तेथें कसली तरी जुनी चिकट मळी घट्ट बसली होती आणि तिच्याखालीं खिळा आंत रुतून राहिला होता. रात्रीं साडेदहा वाजतां मीं मिस्त्रींस दूरध्वनि केला. ते निजले होते. पण रागावले नाहींत. "आठांचें हत्यार पुण्यास माझ्या एका दोस्ताकडे आहे. चार दिवस द्या."

चार दिवसांनीं पुन्हां तीच सतरंजी, तींच माणसें, किंबहुना दोन अधिकच. मिस्त्रींनीं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब त्या मळीवर सोडला, पांच मिनिटें थांबून बारीक काडीनें जागा साफ केली, आणि टक् असा आवाज होऊन आठवा खिळा वर आला. त्यानंतर हत्यार बसविलें. पुढें काय केलें तें मीं तीन फुटांवरून पाहिलें, तरी मला सांगतां येणार नाहीं. डोळे मिटलेले, मनगट स्थिर, बोटांच्या टोंकांत सगळा जीव. एका खिळ्याची स्प्रिंग इतरांहून ताठ आहे, असें मध्येंच पुटपुटले. फसविण्यासाठीं तशीहि करतात म्हणे. वीस मिनिटें झालीं असतील. हत्यार वळलें. मिस्त्रींनीं हात मागें घेतला व म्हणाले, "झांकण मी उघडणार नाहीं. माईंनीं उघडावें."

वहिनींनीं झांकण उघडलें.

वर जमाखर्चाची वही. खालीं रबरानें बांधलेल्या नोटा. सरपंचांनीं मोजल्या, पोस्टमास्तरांनीं मोजल्या. ५८,९५०. ओसरीवर कोणी बोलेना. अडीच हजार कमी. मीं वही उघडली. शेवटच्या पानावर, जत्रेच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेनें, खजिनदारांच्या टपोऱ्या अक्षरांत नोंद होती: पायाच्या वाळूसाठीं उचल २,५००, आणि त्या पानास वाळूवाल्याची सही असलेली चिठ्ठी टांचलेली. वाळूवाला मंडळींत बसलेलाच होता. तो म्हणाला, "होय, मला दिले. मला वाटलें, तुम्हांस माहीत आहे." छपराचें गौडबंगालहि तेथेंच सुटलें, पेटीच्या तळाशीं पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते भरल्याच्या पावत्या होत्या. त्या कोणीं मागितल्या नव्हत्या, पण वहिनींनीं एक एक करून सतरंजीवर मांडल्या. छपराचा प्रश्न ज्यानें काढला होता तो त्या वेळीं चपला शोधीत होता.

सर्वांत शेवटीं एक पाकीट निघालें. आंत दोऱ्यानें बांधलेली दुसरी किल्ली होती. आखूड, चकचकीत, तोंडावर आठ खांचांची. पाकिटावर लिहिलें होतें, 'दुसरी किल्ली. चिटणीसांस देणें.'

मिस्त्रींनीं दुसऱ्या खेपेचे तीनशें रुपये आणि गाडीभाडें घेतलें. पहिल्या खेपेचें कांहीं घेईनात. "तुम्हीं चुकीचें मोजलें हें खरें, पण मींहि न पाहतां हत्यार उचललें," असें म्हणून त्यांनीं ती किल्ली उन्हांत धरून फिरवून पाहिली आणि एक कोरी नळी काढून कानशीनें तिच्याजोगती दुसरी तेथेंच ओसरीवर घांसून दिली. पैसे दुसऱ्या दिवशीं बँकेंत भरले. पेटी वहिनींनीं वाचनालयास दिली आहे. तिची एक किल्ली त्यांच्याकडे असते आणि एक माझ्याकडे.